हात दिसले पाहिजेत

रेवदंडा,
१० नोव्हेंबर २०२५

ती. जलीलमामूंस,
इनशाचा सलाम. वि. वि.

माझगावात राहून भाचीला अजून पोस्टाने पत्रं पाठवता म्हणून तुम्हाला सगळे हसतात, असं तुम्ही लिहिलंत. हसू देत. मला फोनवर ऐकू येत नाही, तुम्हाला माझी हातांची भाषा येत नाही, आणि मेसेजमध्ये तुम्ही ‘ओके’च्या पुढे जात नाही. बहिऱ्या मुलांच्या शाळेत वसतिगृहात होते, तेव्हापासून आपलं हे असंच चाललंय. मला तरी ते पसंत आहे.

आता बातमी. चांगली नाही, पण वाचा. पुण्याच्या त्या संस्थेने माझा नमुना पाठ घेतला. संस्था गावोगावच्या बहिऱ्या मुलांना इंटरनेटवरून खुणांच्या भाषेत शिकवते. मुलं आपापल्या घरी स्क्रीनसमोर बसतात, शिक्षक आपल्या घरी. मी पाठ मनापासून तयार केला होता: समुद्र, होडी, मासा, जाळं. मी ‘मासा’ केलं की मुलं ‘होडी’ करायची. ‘जाळं’ केलं तर एकाने ‘केस’ केले. मला वाटलं, पोरं मस्करी करतायत. पाठ झाल्यावर सुचिता मॅडमनी मला माझंच चित्र पाठवलं, तेव्हा कळलं. चेहरा काळा, मागे पांढरा फटक उजेड, बोटं एकमेकांत मिसळलेली आणि सगळ्यावर मुंग्या फिरल्यासारखे ठिपके. मामू, बहिऱ्या पोराला धूसर बोट दाखवणं म्हणजे ऐकणाऱ्या पोराशी तोंडात उशी कोंबून बोलणं.

दोन दिवसांनी मॅडमचं पत्र आलं. तुमचं ज्ञान उत्तम आहे, पण चित्र चालण्यासारखं नाही. तेव्हा तुम्ही घरी बसून पाठ लिहून द्या, आमच्या पुण्याच्या एक शिक्षिका ते कॅमेऱ्यासमोर करतील. पगार तोच. त्या शिक्षिका ऐकू येणाऱ्या आहेत, खुणा शिकून आलेल्या.

मी ‘नाही’ कळवलं. अजून एक संधी मागितली. एकोणतीस तारीख मिळाली आहे, शनिवार सकाळ.

मोबाइलवरून करून बघितलं. चित्र बरं येतं, पण त्याच्या स्क्रीनवर मुलांचे हात तांदळाएवढे दिसतात, मग मी त्यांना काय शिकवणार? तुमचा मुआज कतारहून वेगळा कॅमेरा पाठवायला तयार आहे, पण त्याचा माणूस येणार जानेवारीत. म्हणजे हाच लॅपटॉप आणि त्याच्या कपाळावरचा हा वाटाण्याएवढा डोळा. तुम्ही आयुष्यभर स्टुडिओत लोकांचे फोटो काढलेत. मला सांगा, ह्या डोळ्याला दिसायला कसं लावायचं?

मामीला सलाम. लोभ असू द्या, आणि उत्तर लवकर असू द्या.

तुमची,
इनशा

---

रेवदंडा,
११ नोव्हेंबर

ती. जलीलभाईस,
धाकट्या सुगराचा सलाम. वि. वि.

शेजारच्या मनुबायचा नवरा तुकाराम रेवसच्या लाँचने भाऊच्या धक्क्याला जातोय. त्याच्याकडे सुकट आणि ही चिठ्ठी देते. सुकट वहिनीला द्या, चिठ्ठी तुम्ही वाचा. उलटं करू नका.

पोरीने तुम्हाला लिहिलं असेलच. घरबसल्या कागदावर लिहायचं काम चालून आलं होतं, ते नको म्हणाली. तुम्ही तिला समजवा. माझं ती आयकत न्हाय, तुमचं वाचते तरी.

मला तिच्या हातांची लाज वाटते असं समजू नका, भाई. पण लग्नाकार्यात ती हात हलवून बोलायला लागली की बाया जेवायच्या थांबतात आणि बघत बसतात. त्यांची पोरं नक्कल करतात. मी हळूच तिचा हात धरून खाली घेते. आई हाय, मला बघवत न्हाय. तिचे अब्बा असते तर गोष्ट वेगळी. आता ही सगळ्या मुलखासमोर हात हलवणार, आणि परत कोणी म्हणालं की दिसत न्हाय, जमत न्हाय, तर? त्या दिवशी ते चित्र बघून ती माडांच्या वाडीत जाऊन बसली, ती अंधार पडेपर्यंत. मी हाक तरी कशी मारू? जाऊन शेजारी बसले.

पडद्यामागे राहूनही माणूस काम करतं. तिला सांगा. तब्येत सांभाळा, मला दुआमध्ये याद ठेवा.

तुमची बहीण,
सुगरा

---

माझगाव,
१५ नोव्हेंबर

चि. इनशा हिस,
मामूच्या अनेक दुआ. वि. वि.

सुकट मिळाली. तुझ्या मामीने ती लगेच कांद्यावर परतली, म्हणून ह्या कागदाला वास येईल. रागावू नकोस.

आधी कडू बोलतो. मला वाटतं, तू ते लिहायचं काम घ्यावंस. तुझी आई काळजीत आहे, एवढंच सांगतो, जास्त विचारू नकोस. मी चाळीसएक वर्षं कॅमेऱ्याच्या मागे उभा राहिलो. माझा फोटो कोणाच्या पासपोर्टवर नाही, पण अर्धं कोकण माझ्या हातून आखातात गेलं. मागे राहण्यात कमीपणा नसतो. आज पाठ लिही, उद्या पुढे ये. दुनिया एका पावलात जिना चढत नाही.

आता तू विचारलंस ते. चेहरा काळा आणि मागे पांढरं, म्हणजे तू खिडकीला पाठ करून बसतेस. आंधळ्यालाही कळेल. कॅमेरा खिडकीचा उजेड बघून दिपतो आणि तुला अंधारात टाकतो. टेबल फिरव, तोंड खिडकीकडे कर. बोटं पुसट होतात तेही त्यानेच. उजेड कमी पडला की कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि तेवढ्यात तुझं बोट हललं की ते फरपटतं. माझ्याकडे लहान पोरांचे फोटो असेच बिघडायचे. आणि ते मुंग्यांसारखे ठिपके म्हणजे अंधारात डोळे ताणून बघणं, दुसरं काही नाही.

अजून उजेड हवा असेल तर मोठा बल्ब आण आणि लॅपटॉपच्या वर, समोरून सोड. स्टुडिओत मी तेच करायचो. कॅमेऱ्याची काच पूस. समुद्रकाठच्या घरात काच म्हणजे तव्यासारखी ओशट होते.

पण मी आधी म्हटलं त्यावर विचार कर. हट्ट बाजूला ठेवून कर.

आईला सलाम. तुझ्यावर जीव आहे म्हणून लिहिलं, हे विसरू नको.

तुझा,
जलीलमामू

---

रेवदंडा,
२० नोव्हेंबर

ती. जलीलमामूंस,
सलाम. वि. वि.

रागावले आहे, आणि हे पत्र रागातच लिहिते आहे, म्हणून अक्षर मोठं आलंय.

तुम्ही कॅमेऱ्यामागे उभे राहिलात ते तुमच्या मर्जीने. कोणी तुम्हाला सांगितलं नव्हतं की जलील, तू फोटो काढ, पण त्याखाली सही दुसरा करेल, कारण त्याचं तोंड बरं दिसतं. खुणांची भाषा माझी आहे. मी त्या भाषेत भांडते, स्वप्नं बघते, अल्लाहकडे मागते. ती मी कागदावर उतरवून द्यायची, आणि तिसऱ्याच बाईने ती वाचून दाखवायची? त्या बाई चांगल्या असतील. पण ज्या पोरांनी आपल्यासारखं मोठं माणूस कधी बघितलेलंच नाही, त्यांना मी दिसले पाहिजे. मी वसतिगृहात गेले तेव्हा मला वाटायचं, बहिरी मुलं मोठी होत नसावीत, कारण मोठी बहिरी बाई मी पाहिलीच नव्हती. मग स्वयंपाकघरातल्या बहिऱ्या रंगूमावशी भेटल्या, त्यांनी हातांनी मला जेवायला बोलावलं, आणि मी त्यांच्या मागेमागे फिरू लागले. हे पाठ लिहून होत नाही, मामू. त्याला दिसावं लागतं. पुन्हा मला जिना चढायला सांगू नका.

झालं. आता कामाचं.

काच पुसायला गेले तर निघेना. नखाने खरवडलं, तर वर चक्क प्लास्टिकचा पापुद्रा! लॅपटॉप आला तेव्हा तो नवाकोरा राहावा म्हणून आम्मीने काढू दिला नव्हता. त्याच्याखाली खारट ओल शिरलेली. म्हणजे इतके दिवस मी तुमच्या मुआजशी आंघोळीच्या खोलीतून बोलल्यासारखी दिसत होते, आणि तो बिचारा काही बोलला नाही. पापुद्रा काढला, चष्म्याच्या कापडाने काच पुसली. निम्मं काम तिथेच झालं.

टेबलाचं मात्र सोपं नव्हतं. मी खिडकीला पाठ करून बसते ते हवेसाठी नाही. मला दार समोर लागतं. तुमच्यामागे कोणी आलं तर तुम्हाला पाऊल ऐकू येतं, मला येत नाही. आयुष्यात कधी मी दाराकडे पाठ करून बसलेली नाही. तरी फिरवलं. पहिल्या दिवशी सारखी मान वळवत होते, चित्रात मीच मला कोंबडीसारखी दिसले.

तुमचा मोठा बल्ब साफ फसला. हात पांढरे पडले, जणू पीठ मळून उठले. चष्म्यात दोन चंद्र उगवले. बल्ब काढला. ट्यूबलाइटने स्क्रीनवर काळे पट्टे वरून खाली सरकायचे. मी दिवसभर शोधलं, तेव्हा कळलं की कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये विजेचा आकडा परदेशातला होता, साठ. आपल्याकडचा पन्नास केला, पट्टे गेले. कॅमेरा आपल्या मनानेच उजेड कमीजास्त करायचा, प्रत्येक वेळी मी हात वर नेला की खोली लुकलुकायची. तेही बंद करून टाकलं. लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर चढवला, म्हणजे तो माझ्या नाकाखालून न बघता समोरून बघतो. मी दोन हात मागे सरकले, डोक्यापासून कमरेपर्यंत सगळी मावते. मागे आम्मीच्या कपबश्यांचं कपाट चमकायचं, त्यावर गडद निळी चादर टाकली. बांगड्या काढल्या, फुलाफुलांची ओढणी ठेवून दिली.

एक राहिलंय. दहानंतर ऊन सरळ खिडकीतून आत येतं आणि अर्धा चेहरा जळतो. पाठ साडेदहाला आहे. सांगा.

लोभ असू द्या. रागावलात तरी असू द्या.

तुमची,
इनशा

---

माझगाव,
२४ नोव्हेंबर

चि. इनशा हिस,
अनेक दुआ. वि. वि.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ‘सही दुसरा करेल’ इथे ती म्हणाली की आता तुम्ही गप्प बसा. गप्प बसलो. जिन्याचं माघारी घेतो.

बल्बचंही माघारी घेतो. माझ्या बल्बासमोर छत्री असायची, ते सांगायचं राहिलं. नागडा बल्ब माणसाला भूत करतो.

उन्हाला उपाय सोपा आहे: खिडकीवर पातळ पांढरं मलमल लाव. ऊन त्यात विरघळतं आणि सगळीकडून सारखं येतं. पडदा जाड नको, रंगीत तर मुळीच नको. पांढऱ्यातून पांढरा उजेड येतो, हिरव्यातून हिरवा, आणि कॅमेरा ते सगळं खरं मानतो.

आणि त्या वेळी दुसरं कोणी घरातलं इंटरनेट वापरू नये. आईची मालिका बंद.

आम्ही दोघं शनिवारी सकाळी दुकान उघडणार नाही. काही उपयोग नाही त्याचा, पण नाही उघडणार.

तुझा,
जलीलमामू

---

रेवदंडा,
३० नोव्हेंबर

ती. जलीलमामूंस आणि मामीस,
इनशाचा सलाम. वि. वि.

झालं. पण सरळ झालं नाही, म्हणून सरळ सांगत नाही.

मलमल घरात एकच होतं, आम्मीची नमाजाची ओढणी. मी मागितली नाही, मागायची हिंमत नव्हती. शनिवारी सकाळी बघते तर ओढणी खिडकीवर, खिळ्यांना नीट ताणून बांधलेली. आम्मी स्वयंपाकघरात पाठ करून उभी. मी खांद्याला हात लावला तर तिने भाकरी उलटली आणि मला जा म्हणून मान हलवली.

सव्वादहाला कॅमेरा लावला. मामू, तुम्हाला दाखवायला हवं होतं. प्रत्येक बोट सुटं, नखं दिसत होती, तळहातावरच्या रेषा दिसत होत्या. मॅडम आल्या, मुलं एकेक चौकटीत आली. मी सलाम केला. सगळ्यांनी सलाम केला. आणि तेवढ्यात मी निळी झाले.

निळी म्हणजे निळी! हात, चेहरा, सगळं बुडालेल्या माणसासारखं. मला वाटलं लॅपटॉप बिघडला. मग कापड बाजूला करून बघितलं. मनुबायने मासे वाळवायच्या मांडवावर नवी निळी ताडपत्री चढवली होती, आमच्या खिडकीला अगदी लागून, आणि उजेड तिच्यातून गाळून येत होता. पोरं माझ्याकडे बघतायत, मॅडम घड्याळाकडे. उठून गेले तर पाठ गेला. मला हाक मारता येत नाही. मी दाराकडे वळले.

आम्मी उंबऱ्यावर बसली होती. कधीपासून ते मला माहीत नाही. मी पाठ करून बसते आहे हे तिने बघितलं असणार, आणि माझ्या मागे ती येऊन बसली होती, कोणी आत येऊ नये म्हणून. मी खिडकीकडे बोट केलं, माझ्या निळ्या हाताकडे केलं. ती उठली ती चप्पल न घालताच.

खिडकीतून मला ते दिसलं. शब्द नाही कळले, पण आम्मीचे दोन्ही हात हवेत होते. एक हात ताडपत्रीकडे, एक घराकडे, मग दोन्ही छातीवर, मग आभाळाकडे. मनुबाय कमरेवर हात ठेवून. मग तिचेही हात सुटले. मी आम्मीला इतकं स्पष्ट बोलताना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी दोघींनीच मिळून ताडपत्रीची दोरी सोडली, आणि माझ्या टेबलावर पांढरा उजेड पसरला.

मी मुलांकडे वळले आणि पाठ तिथूनच सुरू केला. निळं म्हणजे काय, ते शिकवलं. निळा समुद्र, निळी होडी, निळा मासा, निळी बाई. निळी बाई केल्यावर एक पोरगा हसून खुर्चीवरून घसरला. गणराज त्याचं नाव, माणगावकडच्या एका वाडीतला. त्याने मला विचारलं की तू खरीच बहिरी आहेस का. मी म्हटलं, खरीच. त्याने परत विचारलं, एवढी मोठी? मी म्हटलं, एवढी मोठी, आणि अजून म्हातारी होणार आहे. तो परत खुर्चीवर चढला आणि स्क्रीनच्या अगदी जवळ आला. मग त्याने ‘मासा’ केला, अगदी बरोबर, शेपटीसकट.

पाठ संपल्यावर मॅडम थांबल्या; खुणा त्यांनाही येतात. म्हणाल्या, हे चित्र त्याच लॅपटॉपचं असेल यावर त्यांचा विश्वास बसत नाही. नोकरी तुमची. फक्त एक करू. पालकांना ऐकू येतं, म्हणून पाठ आवाजात सांगणाऱ्या बाई मोठ्या चौकटीत राहतील आणि तुम्ही खाली कोपऱ्यात, छोट्या चौकटीत. सगळीकडे असंच असतं, म्हणाल्या.

मामू, एवढं सगळं करून आता माझेच हात तांदळाएवढे दिसणार होते.

मी त्यांना सांगितलं की आवाजाला चौकट लागत नाही. बाईंनी जरूर बोलावं, पालकांना जरूर कळावं, पण मोठ्या चौकटीत हात राहतील. वर्ग मुलांचा आहे. हे मान्य नसेल तर मी मुरूडला, म्हसळ्याला घरोघर जाऊन शिकवीन, पण कोपऱ्यात बसणार नाही. हे सांगताना माझे हात भांडल्यासारखे चालले होते, आणि चित्र इतकं चांगलं होतं की तो राग त्यांना दिसला असणार. दिसू दे.

त्या म्हणाल्या, समितीला विचारून कळवते. अजून कळवलेलं नाही. मी पश्चात्ताप शोधून बघितला, सापडला नाही.

दुकान आता उघडा. दोघांनी जीव लावत राहा.

तुमची,
इनशा

---

रेवदंडा,
१४ डिसेंबर

ती. जलीलभाईस,
सुगराचा सलाम. वि. वि.

इनशाला आज वर्गाची तयारी हाय, म्हणून मी लिहिते. संस्थेने कळवलं. मोठ्या चौकटीत इनशा. बोलणाऱ्या बाई आता दिसतच न्हाईत, नुसता आवाज येतो. समितीत दोन दिवस वाद झाला म्हणे. सुचिता मॅडमनी तिची बाजू लावून धरलीन, हेही कळलं. अल्लाह त्यांचं भलं करो.

मी आधी काय लिहिलं होतं ते तुम्ही तिला सांगितलं न्हाईत, मला माहीत हाय. मीच तिला सांगितलं. ती रागावेल वाटलं होतं. तिने मला खुर्ची दिलीन, शेजारी. आता वर्गात मी पण बसते, कॅमेऱ्याच्या बाहेर. बोटं वळत न्हाईत ह्या वयात. माझा ‘मासा’ बघून पोरगी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते.

परवा त्या गणराजची आई पडद्यावर आली, काशी तिचं नाव. शेतावरून तशीच आलेली, पदराने तोंड पुसत. इनशाशी कसं बोलावं तिला कळेना, म्हणून मी पुढे झाले. तिने मला विचारलं की तुमची पोरगी कितव्या वर्षी बोलायला लागली. मी सांगितलं, ती पहिल्यापासून बोलत होती बाय, मीच आता आयकायला लागले. ती रडायला लागली, मग मीही. मधे बसलेली इनशा दोघींना विचारते, काय झालं. ते सांगायला माझ्याकडे खूण नव्हती. ती शिकायची हाय.

मोहल्ल्यातल्या बाया बोलायच्या त्या बोलतातच. जुम्म्याला एक थोरली नातेवाईक घरी आली, चहा प्यायली, आणि जाताना दारात थांबून म्हणाली की सुगरा, तरणी पोरगी रोज कॅमेऱ्यासमोर बसते, हात हलवते, सगळी दुनिया बघते, बरं दिसतं का हे?

मी तिला म्हटलं, आधी न्हाय दिसायचं. आता एकदम बरं दिसतं.

वहिनीला सलाम. लोभ हाय तो तसाच राहू द्या, आणि उन्हाळ्यात दोघं इकडे या.

तुमची बहीण,
सुगरा